कर्नलच्या पोटातला वेब सर्व्हर

२००१ साली लिनक्सचं २.४ कर्नल आलं, त्यात चक्क एक वेब सर्व्हर होता: केएचटीटीपीडी. आम्ही कॉलेजच्या लॅबमधल्या सर्व्हरवर तो चढवला. सेटिंगची फाइल नाहीच. मोड्यूल लोड करायचं आणि ‘प्रॉक’मधल्या एकेका फाइलीत इको करून आकडे लिहायचे. सर्व्हरपोर्टमध्ये ८०, क्लायंटपोर्टमध्ये ८०८०, शेवटी स्टार्टमध्ये १. साधी पानं आणि चित्रं कर्नल परस्पर द्यायचं. पीएचपीचं काही आलं की ८०८० वर बसलेल्या अपाचीकडे ढकलायचं. पीएस मारला की त्याचे थ्रेड दिसत, पण मेमरीच्या रकान्यात शून्य. ते शून्य दाखवायला आम्ही ज्युनिअरना हाताला धरून आणायचो.

एरवी सर्व्हर फाइल वाचतो तेव्हा कर्नल ती स्वतःच्या कॅशमधून प्रोग्रामच्या मेमरीत कॉपी करतं, आणि प्रोग्राम तीच सॉकेटमधून पुन्हा कर्नलच्या हवाली करतो. हा हेलपाटा इथे वाचत होता. रेड हॅटच्या इंगो मोलनार यांचा टक्स हा वेब सर्व्हरही याच वाटेचा, आणि स्पेकवेब९९ चाचणीतले त्याचे आकडे आम्हाला तोंडपाठ होते.

आमचं नेटवर्क मात्र १०० मेगाबिटचं. मोठ्या फाइली मागितल्या की एकटा अपाचीसुद्धा वायर भरून टाकायचा. फरक दिसायचा तो बारक्या चित्रांचा मारा केला तर, आणि तोही सीपीयूच्या आकड्यात. एवढ्यासाठी कोण कर्नलला हात लावतो? पण तेव्हा हौस होती.

मग एका मित्राने लॉग हवा म्हणून केएचटीटीपीडीत स्वतःच्या चार ओळी घातल्या, आणि एक पॉइंटर चुकला. असा पॉइंटर अपाचीत चुकला असता तर एक चाइल्ड प्रोसेस मेली असती, दुसरी उभी राहिली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. इथे पडद्यावर हेक्स आकड्यांची चळत उतरली, खाली ‘कर्नल पॅनिक’, आणि पिंगलाही उत्तर नाही. सगळ्यांच्या होम डिरेक्टरी त्याच मशीनवर, त्यामुळे लॅबभर टर्मिनलं जागच्या जागी गोठली. बटण दाबून चालू केलं तर ईएक्सटी२ची डिस्क-तपासणी सुरू झाली. टक्के सरकता सरकेनात, आणि मागे सबमिशनवाले उभे.

पुढे आम्ही अपाची २ घेतला. तो सेंडफाइल वापरायचा: प्रोग्रामने नुसतं सांगायचं, फाइल कर्नलच सॉकेटवर पाठवतं. म्हणजे हेलपाटा वाचतो आणि सर्व्हर पडला तरी मशीन उभं राहतं. २.६ कर्नलमध्ये केएचटीटीपीडी नव्हता. टक्स मूळ कर्नलमध्ये कधी गेलाच नाही. विंडोजने मात्र वेबच्या विनंत्या घेणारं एचटीटीपी डॉट सिस कर्नलमध्येच ठेवलं, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये कळलं, की रेंज हेडरमध्ये एक अवाढव्य आकडा घालून पाठवला तर अख्खं मशीन कोसळू शकतं.