नवरीच्या आईचा मेकअप

लग्नघरात मेकअपचा क्रम ठरलेला असतो. पहाटे सगळ्यांच्या आधी नवरी बसते. तिचे दोन-अडीच तास कुणी मोजत नाही. मग करवल्या, मग मावश्या, आत्या, माम्या. नवरीची आई शेवटी येते आणि तीही घाईघाईत. कमरेला किल्ल्या, कानाला फोन, गुरुजींनी मागितलेल्या सुपाऱ्या सापडत नसतात, रुखवत अजून मांडायचं असतं. खुर्चीच्या टोकावर टेकत ती म्हणते, "मला फार काही नको गं, नुसता हात फिरव." मुहूर्ताला अर्धा तास उरलेला असतो.

अशा वेळी नवरीसाठी काढलेलं फाउंडेशनच आईच्याही चेहऱ्याला लागतं. पंचविशीतल्या त्वचेसाठी निवडलेलं, सगळं झाकणारं, दिवसभर न हलणारं. महिन्याभराने अल्बम येतो. गळा गव्हाळ, चेहरा राखाडी, डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला रेघाच रेघा. फोटो बघून ती बाई म्हणते, "वय झालं आता." माझा जीव तुटतो, कारण दोष तिच्या वयाचा नसतो, वरून लावलेल्या थराचा असतो.

पुण्यात लग्नांचे मेकअप करताना हे इतक्यांदा पाहिलं की हल्ली नवरीची तारीख घेतानाच मी आईची वेगळी वेळ मागून घेते, चांगली महिनाभर आधी आणि दिवसाउजेडी. सहकारनगरातल्या एका काकू अशाच लग्नाआधी आल्या होत्या. त्यांचं फाउंडेशन कसं ठरलं ते सांगितलं, तर साठीच्या आसपासच्या पुष्कळ जणींना उपयोग होईल.

काकू महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीची सगळी वर्षं दुपारची शाळा आणि उन्हातून स्कूटर. दोन्ही गालांवर वांग, ओठांच्या कोपऱ्यांशी काळसरपणा, कपाळावर बारीक आडव्या रेषा, आणि तोंड धुतलं की गाल ओढल्यासारखे होतात ही तक्रार. पावडर आणि टिकली यापलीकडे त्यांनी चेहऱ्याला काही लावलेलं नव्हतं. अपवाद कॉलेजातल्या नाटकांचा. तिथला पॅनकेक त्यांच्या चांगला लक्षात होता. "हसले की तडे जायचे गं," त्या म्हणाल्या. "तसलं काही असेल तर मी आपली पावडरच लावते."

त्यांची भीती रास्त होती. रंगमंचाचा आणि पडद्याचा मेकअप मुळात लांबून आणि प्रखर दिव्यांत बघण्यासाठी घडला. पोलंडहून अमेरिकेत गेलेल्या मॅक्स फॅक्टर यांनी १९१४ मध्ये सिनेमासाठी पातळ ग्रीजपेंट काढलं, तेसुद्धा आधीचं जाड रंगलेपन कॅमेऱ्यापुढे तडकायचं म्हणून. पुढे तिसाच्या दशकाच्या अखेरीस रंगीत चित्रपटांसाठी त्यांच्याच कंपनीचा पॅनकेक आला. ओल्या स्पंजने लावायचा आणि चेहऱ्याचा मूळ पोत पार पुसून टाकायचा, हे त्याचं काम. आपल्याकडच्या नाटकवाल्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. पण मंगल कार्यालयात समोरची बाई हातभर अंतरावरून बोलत असते. तिथे पोत पुसायला गेलं की चेहऱ्याचा मुखवटा होतो.

काकूंच्या पिशवीत एक नवी कोरी बाटली होती. लेकीने हट्ट केला म्हणून मॉलमधल्या एका दुकानातून आणलेली. तिथल्या मुलीने त्यांच्या मनगटावर थेंब लावून पाहिला, मग म्हणाली, "मॅडम, लग्नासाठी दोन शेड उजळच घेतात." आणि वर, "मॅट घ्या, रात्रीपर्यंत टिकेल."

मी ती बाटली घेऊन काकूंना बाल्कनीत आणलं. सकाळचे दहा वाजले होते, ऊन थेट अंगावर नव्हतं. जबड्याच्या कडेला, गालाकडून गळ्याकडे जाणारा, बोटभर लांबीचा एक पट्टा ओढला आणि हातात आरसा दिला. गालावर खडू फिरवल्यासारखा तो पांढरट पट्टा काकूंनी पाहिला आणि न बोलता बाटलीचं झाकण लावलं.

फाउंडेशनमध्ये रंग येतो तो मुख्यतः चार घटकांमधून: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळा, तांबडा, काळा असे तीन लोह ऑक्साइड. सावळ्या, गव्हाळ त्वचेवर उजळ शेड लावली म्हणजे गरजेपेक्षा जास्त पांढरा लावला. तो खालच्या तपकिरी रंगात मिसळत नाही, वर तरंगतो आणि राखाडी दिसतो. त्यात फोटोग्राफरचा फ्लॅश पडला की तोच पांढरा प्रकाश परत फेकतो. पुष्कळ घरांच्या अल्बममध्ये साठीच्या बायकांचे चेहरे गळ्यापासून तोडून चिकटवल्यासारखे दिसतात ते यामुळे.

उजळ दिसण्याचा हा हव्यास दुकानातल्या त्या मुलीने शोधून काढलेला नाही. १९७५ मध्ये आलेल्या फेअर अँड लव्हली क्रीमला आपल्या नावातला गोरेपणा काढायला २०२० उजाडलं. मधल्या ४५ वर्षांत वाढलेल्या, वयात आलेल्या, लग्नं झालेल्या बायका आज आया आणि आज्या आहेत. शेड निवडताना त्यांचा हात आपोआप उजळ बाटलीकडे जातो. दुकानांत पर्यायही तुटपुंजेच होते. लॅक्मे १९५२ पासून आपल्याकडे आहे, पण जगाच्या बाजारात गडद शेड भरपूर ठेवण्याची चढाओढ लागली ती २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्यूटीने एकदम ४० शेडमध्ये फाउंडेशन आणलं तेव्हा. आज आपल्या रंगाची शेड मिळते. ती मागायची सवय मात्र अजून व्हायची आहे.

काकूंच्या जबड्यावर मी तीन शेडचे पट्टे शेजारी शेजारी ओढले. एक गुलाबीकडे झुकणारी, दोन पिवळसर. गुलाबी लगेच वेगळी उठून दिसली. उरलेल्या दोन्ही जुळत होत्या, म्हणून आम्ही थांबलो. चहा झाला, पत्रिकांवर नावं घालणं चालू होतं त्यातल्या दहा-बारा झाल्या. अर्ध्या तासाने पुन्हा बाल्कनीत गेलो तेव्हा एक पट्टा जरा गडद, नारिंगी झाला होता. काही फाउंडेशनं हवा आणि त्वचेवरचं तेल लागलं की अशी रंग बदलतात. दुसरा पट्टा शोधावा लागत होता. तोच घेतला. जुळणी गळ्याशी करायची, कारण उन्हाने चेहऱ्याचा रंग बदलत राहतो. मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर बघण्यात काहीच अर्थ नाही; तो रंग चेहऱ्याचा नसतोच.

लग्नाच्या तयारीत आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. हळदीच्या दिवशी नवरीबरोबर आईलाही हळद फासतात आणि तिचा पिवळेपणा दुसऱ्या दिवशीही चेहऱ्यावर असतो. शेड हळदीनंतर पाहिली तर चुकणारच. काकूंना सांगून ठेवलं की हळद गालाला बोटभर लावू द्या, तोंडभर नको. थ्रेडिंग, ब्लीच, फेशियल यांपैकी जे काही करायचं ते निदान आठवडाभर आधी. सोललेल्या, लाल झालेल्या त्वचेवर कुठलंच फाउंडेशन नीट बसत नाही.

शेड ठरली तरी अर्धंच काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं पोताचं. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजेन कमी होतं आणि त्यानंतरही दरवर्षी साधारण दोन टक्क्यांनी घटत जातं. इस्ट्रोजेन उतरलं की तेलही कमी सुटतं. तरुणपणी वरची त्वचा साधारण महिन्याभरात नवी होते, साठीत त्याला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून कोरडे पापुद्रे गालांवर जमून राहतात. अशा गालावर मॅट फाउंडेशन लावलं की त्यातली पावडर उरलासुरला ओलावा शोषते, पापुद्र्यांना चिकटते आणि हसताना रेषांत जाऊन बसते. दिवसभर टिकतं म्हणून विकलेली बाटली दुपारच्या पंगतीपर्यंत चेहरा दहा वर्षांनी वाढवते.

म्हणून काकूंसाठी पातळ, पाण्यासारखं वाहणारं, किंचित ओलसर चमक ठेवणारं फाउंडेशन निवडलं. मध्यम झाकणारं. "पण मग वांग दिसेल ना?" त्यांनी विचारलं. थोडा दिसतो, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सगळ्या चेहऱ्यावर जाड थर देऊन डाग लपवण्यापेक्षा डागापुरता उपाय करावा. वांगावर आणि ओठांच्या कोपऱ्यांवर आधी पीच-नारिंगी करेक्टर अगदी पातळ टिपला. तपकिरी त्वचेतला निळसर-करडा काळेपणा नारिंगीने मावळतो. त्यावर फाउंडेशन, आणि जिथे गरज उरली तिथे त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर. वांगाला आणखी एक आधार आहे. आपल्यासारख्या त्वचेत वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतो, आणि रंगीत फाउंडेशनमधले लोह ऑक्साइड त्या प्रकाशाला काही प्रमाणात अडवतात. बाटलीवर एसपीएफ लिहिलंय म्हणून सनस्क्रीन सोडायचं मात्र नाही. तो आकडा दर चौरस सेंटीमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर देऊन काढलेला असतो. तेवढं फाउंडेशन कुणी लावत नाही, आणि लावूही नये.

लग्न डिसेंबरातलं, गोरज मुहूर्ताचं. पुण्याची कोरडी थंडी पडलेली. काकू यावेळी खुर्चीत वेळेवर बसल्या, कारण किल्ल्या आणि फोन धाकट्या जावेकडे सोपवण्याचं मी लेकीकडून आधीच कबूल करून घेतलं होतं. धुतलेल्या, अजून दमट असलेल्या चेहऱ्यावर ग्लिसरीन असलेलं मॉइश्चरायझर लावलं आणि दहा मिनिटं त्याला जिरू दिलं. याच दहा मिनिटांत नऊवारीच्या निऱ्या झाल्या, अंबाडा झाला. घाई करून ओल्या क्रीमवर फाउंडेशन चढवलं की त्याच्या बारीक गुठळ्या होतात आणि मग सगळं पुसून पुन्हा सुरुवात.

फाउंडेशन घेतलं वाटाण्याएवढं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर आणि कपाळाच्या मध्यावर टिपलं आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजने बाहेरच्या बाजूला थोपटत नेलं. घासायचं नाही, घासलं की खालचा करेक्टर सरकतो. केसांच्या कडेपर्यंत जाता जाता ते जवळजवळ संपतं, आणि तसंच व्हायला हवं. डोळ्यांखालच्या घडीत वेगळं काही घातलं नाही, स्पंजवर उरलं होतं तेवढंच फिरवलं. मग काकूंना म्हटलं, "आता हसा. मोठ्याने बोला. जावयाचं नाव घ्या." त्या खळखळून हसल्या आणि हसण्याने ज्या रेषांत फाउंडेशन जमलं ते कोरड्या बोटाने टिपून घेतलं. ही एक गोष्ट प्रत्येकीने घरी करावी. चेहरा स्थिर ठेवून आरशात पाहिलं की सगळं छानच दिसतं. लग्नात कुणी चेहरा स्थिर ठेवत नाही.

लूज पावडर फक्त नाकाच्या कडेला आणि हनुवटीवर, बारीक ब्रशने. गालांवर नाही, डोळ्यांखाली नाही. गालाला थोडा क्रीम ब्लश लावला आणि त्याने काकूंचा चेहरा जेवढा उजळला तेवढा त्या दोन शेड उजळ बाटलीने जन्मात उजळला नसता. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. जाव दारातून डोकावली आणि विचारती झाली, "वहिनी, मेकअप झाला की व्हायचाय?" मला याहून मोठी पावती नको होती.

रात्री जेवणाच्या वेळी काकूंना वाफ आल्यासारखं झालं. रजोनिवृत्तीनंतर कित्येकींना काही वर्षं असा अचानक घाम फुटतो, थंडीतही. शेजारची बाई पर्समधून कॉम्पॅक्ट काढून पुढे सरसावली, तिला मी थांबवलं. घामावर पावडर बसली की चिखल होतो. टिश्यू पेपर एक पदरी करून नुसता दाबला, घाम टिपला, खालचं फाउंडेशन जागचं हललं नाही. पाठवणीच्या वेळचं रडणंही त्याने निभावलं. गालांवर ओघळ उमटले नाहीत, कारण ओघळ उमटायला थरच नव्हता.

विहीणबाई दादरच्या. दुसऱ्या आठवड्यात तिकडे स्वागत समारंभ होता. त्यांनी काकूंकडून बाटलीचा फोटो मागून घेतला आणि मला फोन केला, "हाच नंबर मागवते मी." मी त्यांना थांबायला सांगितलं आणि समारंभाच्या दोन दिवस आधी त्यांच्या घरी गेले. वय काकूंच्याच बरोबरीचं, पण त्वचा तेलकट, नाकाशेजारची रंध्रं मोठी, आणि मुंबईची दमट हवा. काकूंचं ओलसर फाउंडेशन त्यांच्या चेहऱ्यावर तासाभरात घसरलं असतं. खिडकीशी उभं करून जबड्यावर पट्टे ओढले, तेव्हा त्यांना काकूंपेक्षा एक शेड गडद आणि तांबूसपणाकडे झुकणारी जुळली. मॉइश्चरायझर जेलचं घेतलं, फाउंडेशन मऊसर मॅट, तेलविरहित, तितकंच पातळ. पावडर कपाळ आणि नाकावर दिली, डोळ्यांखाली त्यांनाही नाही. एक शेड गडद म्हटल्यावर त्या जरा खट्टू झाल्या होत्या. मुलाने तिथेच खिडकीत त्यांचा फोटो काढून दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा करून गळ्यापाशी निरखून पाहिला आणि नाव लिहून घ्यायला कागद मागितला.