टीचर, पुढे काय?

'सल्लागार' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. मराठीतला 'सल्ला' म्हणजे तुमची 'सलाह'. मी शिक्षिका आहे. बी.एड. झाल्यापासून उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवते. पण दहावीचा निकाल लागला की, कोरेगाव भीमातील आमच्या घरच्या ओट्यावर आईवडील मुलांना घेऊन येतात आणि मी सल्लागार होते. "टीचर, पुढे काय?" हा सर्वांचा एकच प्रश्न.

आमचे गाव पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर, भीमा नदीकाठी आहे. जवळ सणसवाडी, पुढे रांजणगाव. सगळीकडे कारखाने! त्यामुळे मुलांना कंत्राटी काम लवकर मिळते आणि घरात पैसा येतो. मी कामाला नावे ठेवत नाही. एवढेच विचारते, "पाच वर्षांनीही हेच काम करशील का?" आय.टी.आय.मध्ये दोन वर्षे शिकून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन झालेला मुलगा त्याच कारखान्यात वेगळ्या कामासाठी जातो. १९६१ च्या कायद्यानुसार शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतनही मिळते.

एक गंमत सांगते. उर्दूत 'दाखिला' म्हणजे प्रवेश. मराठीत 'दाखला' म्हणजे प्रमाणपत्र. कार्यालयात "दाखला आणा" असे ऐकून एक मुलगा आनंदाने घरी आला. त्याला वाटले, प्रवेश मिळाला! त्यांना तर शाळा सोडल्याचा दाखला हवा होता.

२०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळ दहावीच्या मुलांची कल चाचणी घेत असे. चांगली गोष्ट होती. पण चाचणीत मुलाचा कल समजतो, घरातील अडचण समजत नाही.

एका मुलीला गणित फार आवडे. तिला पॉलिटेक्निकला जायचे होते. वडील म्हणाले, "दहावी झाली, पुरे झाले." मी वाद घातला नाही. फक्त विचारले, "तुम्हांला काळजी कशाची वाटते?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. रस्त्यावर ट्रकांची गर्दी. पोर थांब्यावर एकटी उभी राहणार." फीचा विषय त्यांनी काढला नाही. तो आईने हळूच काढला. मी सांगितले, की डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि त्यानंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. ते ऐकत होते, पण काही बोलले नाहीत.

आणि मुलगी? तिची भीती निराळीच होती. "टीचर, मी सगळे उर्दूत शिकले. तिथे मुसल्लस म्हटले, तर सगळे हसतील."

मी तिच्या वहीत तीन रकाने आखले. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. जियाई तालीफ, प्रकाशसंश्लेषण, फोटोसिंथेसिस. "अर्थ तुला येतोच," मी म्हणाले, "नाव तेवढे नवे शिकायचे." तुम्हीही अशी वही करून पाहा. तिने आठवड्यात अकरा पाने भरली.

पुढच्या रविवारी वडील रात्रपाळी करून थेट आमच्याकडे आले. डोळे लाल, हातात चुरगळलेला कागद. त्यावर पुण्याहून संध्याकाळी येणाऱ्या बसच्या वेळा होत्या. दोन दिवस थांब्यावर उभे राहून त्यांनी त्या स्वतः लिहिल्या होत्या. सहाच्या बसखाली त्यांनी रेघ मारली होती. कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले,

"टीचर, उत्पन्नाचा दाखला काढायला काय काय लागते?"