आशेचा ताळेबंद

केमोच्या वॉर्डात दुपार फार सावकाश सरते. वर टांगलेली सलाइनची बाटली, तिच्यातून थेंबाथेंबाने उतरणारे औषध, हातावर चिकटपट्टीने धरून ठेवलेली सुई आणि उशाशी बसलेला नातेवाईक. त्याचे अर्धे लक्ष बाटलीकडे, अर्धे परतीच्या एसटीकडे. नगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरातून किंवा जामखेडच्या माळावरून उपचाराला निघायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. त्यातही कुणाला पुणे, कुणाला बार्शी, तर कुणाला थेट मुंबईचे परळ गाठावे लागते. अशा वॉर्डात भेटायला येणारे बहुतेक जण शहाळ्याबरोबर एक वाक्य घेऊन येतात : ‘तुम्ही फक्त पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार तिथंच बरा होतो.’ वाक्यामागे माया असते, यात शंका नाही. तरीही ते तपासून घ्यायला हवे, कारण त्यात निम्म्या आजाराची जबाबदारी नकळत रुग्णाच्या मनावर टाकलेली असते.

हे वाक्य खरे आहे का, याचा शोध संशोधकांनी घेतला आहे. जेम्स कॉयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती जगेल याचा अंदाज बांधता आला नाही. त्याआधी 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांबाबतही हेच दिसले होते. आशावादी स्वभावाने आयुष्य वाढले नाही. पहिल्या वाचनात हे निष्कर्ष कठोर वाटतात. पण नीट पाहिले तर यांच्याइतके दयाळू निष्कर्ष दुसरे नाहीत. रात्री उशीत तोंड खुपसून रडल्याने गाठ वाढत नाही. पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून डोस पुढे ढकलला, तर ‘टेन्शन घेतलं असणार’ असे कुणी म्हणण्याचे कारण नाही. हाडांतला मगज औषधाने थकलेला असतो, विचारांनी नव्हे. ज्याला आधीच सुई, मळमळ आणि गळणारे केस सोसायचे आहेत, त्याच्यावर हसतमुख राहण्याची सक्ती तरी नको.

मग आशा कशाची करायची? याचे उत्तर याच जिल्ह्यात, नगरपासून जवळच्या हिवरे बाजारला सापडते. पर्जन्यछायेतले हे गाव एकेकाळी पाण्यावाचून ओस पडू लागले होते. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली 1990 नंतर गावाने पाणी अडवले, जिरवले, उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठीच्या बोअरला मनाई केली. पण त्याहून मोलाचा आहे तो पाण्याचा ताळेबंद. यंदा पाऊस किती झाला, जमिनीत पाणी किती आहे, हे मोजायचे. पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. कमी पावसाच्या वर्षी आकडा कमीच येतो, आणि तो कमी आहे हे सर्वांसमोर सांगितले जाते. तरी गाव निराश होत नाही, कारण त्या आकड्यापुढे काय करायचे हेही त्याच बैठकीत ठरते. खरा आकडा, त्यानुसार पुढचे पाऊल आणि ते टाकायला सोबत, या तीन गोष्टींतून जी उभी राहते तिला मी आशा म्हणतो.

केमोच्या काळात असा ताळेबंद मांडता येतो. बरीच औषधे 21 दिवसांच्या अंतराने देतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. उलटीची भीती जुन्या ऐकीव गोष्टींतून आलेली असते. 1990 च्या दशकात ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे आल्यापासून चित्र पुष्कळ पालटले आहे, पण त्यासाठी मळमळ होते हे सांगावे लागते. आपल्याकडे ‘बरं आहे’ म्हणून सोसण्याला धीर समजतात. न्यूयॉर्कमध्ये केमो घेणाऱ्या 766 रुग्णांच्या चाचणीत, ज्यांनी आपले त्रास नियमित नोंदवले आणि ज्यांच्या नोंदी परिचारिकांपर्यंत पोहोचल्या, ते मध्यकानुसार 31 महिने जगले. नेहमीची देखभाल मिळालेले 26. म्हणजे जे काम प्रसन्न चेहऱ्याने होत नाही, ते ‘तोंड आलंय, गिळवत नाही’ एवढ्या सांगण्याने होऊ शकते. पैशाचा रकानाही याच ताळेबंदातला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोचा समावेश आहे, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नेमलेला असतो. त्याला पहिल्याच दिवशी गाठले, तर शेत गहाण ठेवण्याची वेळ टळू शकते.

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो : खरे सांगितले तर माणूस खचेल, म्हणून ‘पेशंटला कळू देऊ नका’. खचतो हे खरे. पण वॉर्डाच्या दारावर काय लिहिले आहे ते त्याने वाचलेले असते, शेजारच्या खाटेवर काय चालले आहे ते तो पाहत असतो. लपवल्याने आजार लपत नाही, फक्त त्याविषयी बोलायला त्याला माणूस उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक खडतर आहे. ताळेबंदात शिल्लकच थोडी निघाली तर? बोस्टनमध्ये पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर झालेला, 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवावा. सुरुवातीपासून वेदनाशमन आणि आधाराची सेवा मिळालेल्यांचे दिवस अधिक चांगले गेले, खिन्नता कमी राहिली, आणि शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही ते मध्यकानुसार अडीच महिन्यांहून अधिक काळ जास्त जगले. बरे होण्याची आशा संपते तेव्हा रात्रभर झोप लागण्याची, लेकीच्या लग्नाला बसता येण्याची आशा शिल्लक असते, आणि तीही खरीच असते. तिसरा आक्षेप श्रद्धेचा. शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे तिथे नवसाला हसण्यात अर्थ नाही. वाट पाहण्याचा काळ श्रद्धेने सोसवतो. तिने डोसची तारीख चुकवायला लावली, तरच हिशेब बिघडतो.

हा सारा ताळेबंद एकट्या रुग्णाला किंवा दमलेल्या एकाच नातेवाईकाला पेलणार नाही. 1970 साली जामखेडला काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दाम्पत्याने खेड्यातल्याच, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले, आणि आजारपण ही त्या घराची खासगी आपत्ती न राहता गावाचे काम झाले. केमोच्या रुग्णालाही असेच गाव लागते : एकाने गाडीचे पाहावे, एकीने डबा पाठवावा, एकाने फाइल सांभाळावी. म्हणून भेटायला जाताना ‘पॉझिटिव्ह राहा’ घरी ठेवून जावे आणि ‘पुढची तारीख कोणती?’ असे विचारावे. विचारल्यावर त्या तारखेला हजर राहावे. धीर धरण्याची जबाबदारी सोबतच्यांत वाटली गेली की रुग्णाला अधूनमधून धीर सोडण्याचीही मोकळीक मिळते.