झुंबराखालची पंगत

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात 1953 ते 1956 या काळात जेम्स लॉसन नावाचा एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन होता. मुलांना खेळ शिकवायचा, मिशनचं काम करायचा आणि उरलेल्या वेळात गांधी वाचायचा. कोरियाच्या युद्धासाठी लष्करात भरती व्हायला नकार दिला म्हणून तुरुंगवास भोगून तो इकडे आला होता. माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्याने वाचली ती नागपुरातच, ‘नागपूर टाइम्स’मध्ये. मायदेशी परतल्यावर त्याची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली, त्यांनी दक्षिणेत ये म्हणून गळ घातली आणि पुढे सत्याग्रहींना तालीम देणारा माणूस म्हणून लॉसनचं नाव झालं. मी त्याच हिस्लॉपची. आमच्या एका सरांनी हजेरी घेता घेता हे सहज सांगितलं होतं; तेव्हापासून लॉसन डोक्यात बसला तो उठलाच नाही. घरचे याला खूळ म्हणतात.

मेम्फिसला भाच्याकडे गेले होते तेव्हा तो एका रात्री म्हणाला, “मावशी, शनिवारी ऑक्सफर्डला मॅच आहे. ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांचा तिथे तंबू असतो. दिवसभर खाणंपिणं. येतेस?”

अमेरिकन फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. विचारायचं म्हणून विचारलं, “कोणाशी आहे?”

“व्हँडरबिल्ट.”

झालं! नॅशव्हिलमधल्या काउंटरांवर काळ्यांना जेवण मिळत नाही म्हणून विद्यार्थ्यांना तिथे शांतपणे जाऊन बसायला शिकवलं, या गुन्ह्यासाठी 1960 मध्ये लॉसनला काढून टाकलं ते याच व्हँडरबिल्टने. (पुढे उपरती झाली आणि 2006 मध्ये त्याला सन्मानाने शिकवायला बोलावलं, हेही सांगायला हवं.) आणि ज्या मिसिसिपी विद्यापीठाच्या मैदानावर, म्हणजे ‘ओले मिस’मध्ये, सामना होता, ते तर तिथे प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या विद्यार्थ्याचं, जेम्स मेरेडिथचं विद्यापीठ. मी लगेच येते म्हणाले. मावशीला एकदम खेळाची आवड कशी लागली, हे भाच्याला काही केल्या कळेना.

मेम्फिसबद्दल मी काही लिहीत नाही. एल्व्हिसचा बंगला बाहेरून पाहिला, तेवढा पुरला.

दक्षिणेकडे निघालं की राज्याची हद्द ओलांडल्यावर थोड्या वेळाने हर्नांडो लागतं. हमरस्ता सोडून जुन्या 51 नंबरच्या रस्त्याने चल, असा मी हट्ट धरला. “तिकडे काऊन? काहीच नाही तिथे,” भाचा म्हणाला, आणि त्याचं खरंही होतं. झाडं, कुंपणं, एखादं चर्च. मेरेडिथ मेम्फिसहून जॅक्सनपर्यंत पायी निघाला होता, जवळजवळ एकटा. काळ्यांनी न घाबरता मतदार म्हणून नाव नोंदवावं यासाठी. दुसऱ्याच दिवशी, 6 जून 1966 रोजी, हर्नांडोच्या पुढे याच रस्त्यावर झुडपांतून एकाने त्याच्यावर छऱ्यांच्या बंदुकीने गोळ्या झाडल्या. तो वाचला. त्याचा मोर्चा पुढे नेण्यासाठी किंग आणि इतर नेते मेम्फिसमधल्या ज्या चर्चमध्ये जमले, त्या चर्चचा पाद्री होता लॉसन. आमच्या कॉलेजातला खेळाचा मास्तर! भाच्याने गाडी थांबवली नाही, पण वेग कमी केला.

ऑक्सफर्डमध्ये सामन्याच्या आठवड्यात खोली मिळणं अशक्य. मिळालीच तर दोन रात्रींचं भाडं भरावं लागतं. आम्ही 40 किलोमीटर अलीकडे बेट्सव्हिलला एका मोटेलात उतरलो. तिथेही दोन रात्रींचाच नियम, आणि भाडं ऐकून मला आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या लॉजची आठवण प्रेमाने आली. एसी ट्रकसारखा धडधडत होता आणि गादीला सिगारेटचा जुना वास होता. मालक गुजराती होते. तक्रार केली तेव्हा त्यांनी शुद्ध हिंदीत सांगितलं, “बहनजी, मॅच का वीकेंड है,” आणि सोबत थर्मासमधला चहा दिला. चहा उत्तम होता. भाडं कमी झालं नाही.

शनिवारी सकाळी ग्रोव्हमध्ये पोचलो. लायसियम ही विद्यापीठाची सर्वांत जुनी इमारत, विद्यापीठ सुरू झालं त्याच 1848 सालची, पांढऱ्या खांबांची. तिच्यासमोर वर्तुळाकार हिरवळ आणि तिला लागून ओक आणि इतर झाडांची सुमारे दहा एकरांची राई, तोच हा ग्रोव्ह. राईत एकाला एक खेटून तंबू, लाल आणि गडद निळे. 25 हजार वस्तीचं गाव. स्टेडियमच 64 हजारांचं, आणि तिकीट नसलेले नुसते जेवायला आलेले वेगळेच. गाड्या आत आणायला 1990 च्या दशकापासून बंदी आहे, त्यामुळे सगळा पसारा हातगाड्यांवरून येतो. शुक्रवारी संध्याकाळी मुभा मिळाली की जागा धरायला झुंबड उडते.

आमच्या यजमानांच्या तंबूत झुंबर होतं. खरंखुरं, काचेच्या लोलकांचं, तंबूच्या आडव्या नळीला आकड्याने टांगलेलं आणि बॅटरीवर पेटवलेलं. खाली पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर चांदीची तबकं. उकडलेल्या अंड्यांचे अर्धे, पिवळा बलक मेयोनीज आणि मोहरीत कालवून परत भरलेले. ते ठेवायला खास खळगे पाडलेली बशी असते, हे मला माहीतच नव्हतं. यजमानीणबाई प्रत्येक अंड्यावर लाल तिखट चिमटीने भुरभुरवत होत्या आणि खळग्याच्या कडेला सांडलेलं तिखट करंगळीने टिपत होत्या. शेजारी तळलेली कोंबडी, चीजच्या लाल सारणाची कडा कापलेली सँडविचेस. पुरुष ब्लेझर आणि बो-टायमध्ये, मुली झुळझुळीत फ्रॉक आणि गुडघ्यापर्यंतच्या बुटांत. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकचा लाल पेला, आणि त्यात कोणतं पेय आहे हे विचारायचं नसतं. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर बाई अस्वस्थ झाल्या. दहा मिनिटांत शेजारच्या तीन तंबूंमधून माझ्यासाठी मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ आणि पीचचा गोड पदार्थ आला. ओळख ना पाळख. जो येईल त्याच्या हातात बशी. हे आदरातिथ्य दिखाऊ नव्हतं, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आणि तरी मी खाता खाता सारखी लायसियमकडे बघत होते.

30 सप्टेंबर 1962, रविवार. कोर्टाच्या हुकमाने दुसऱ्या दिवशी मेरेडिथचं नाव दाखल होणार होतं. नऊ वर्षं हवाई दलात काढलेला माणूस, प्रवेश मागत होता फक्त. केंद्राचे मार्शल लायसियमभोवती कडं करून उभे होते. संध्याकाळ झाली तसा याच हिरवळीवर, याच झाडांखाली जमाव वाढला. दगड, बाटल्या, पेट्रोलचे बाँब, मग गोळ्या. त्या रात्री दोन माणसं मेली: पॉल गिहार हा फ्रेंच वार्ताहर, पाठीत गोळी घातलेला, आणि रे गंटर, ज्यूकबॉक्स दुरुस्त करणारा, नुसता बघायला आलेला. गिहारने शेवटच्या बातमीत यादवी युद्ध इथे अजून संपलेलंच नाही अशा अर्थाचं काही पाठवलं होतं. मारेकरी कधीच सापडले नाहीत. पहाटेपर्यंत हजारो सैनिक उतरले आणि सकाळी मेरेडिथ नाव नोंदवून, अश्रुधुराने अजून डोळे चुरचुरत असताना, वर्गात गेला.

यजमानांचे मेहुणे इतिहासाचे निवृत्त शिक्षक निघाले. मी विषय काढताच त्यांनी पेला खाली ठेवला. “ते सगळे बाहेरचे होते,” ते म्हणाले. “अलाबामाहून, टेक्सासहून आलेले. आमची पोरं नव्हती. आणि फुटबॉलचा तर त्याच्याशी काही संबंधच नाही. उलट त्या वर्षीच्या संघाने विद्यापीठ तारलं.”

बाहेरचे पुष्कळ होते, हे खरं. पण फुटबॉलचा संबंध नाही? दंगलीच्या आदल्याच रात्री जॅक्सनच्या स्टेडियमवर केंटकीविरुद्ध सामना चालू होता. मध्यंतरात गव्हर्नर रॉस बार्नेट मैदानात उतरले, मूठ उंचावून आपल्या राज्यावरचं, त्याच्या रीतीरिवाजांवरचं प्रेम त्यांनी जाहीर केलं, आणि गुलामीच्या बाजूने लढलेल्या सैन्याचे झेंडे फडकवत गर्दी बेभान झाली. दंगलीचं निम्मं काम तिथेच झालं होतं. आणि दंगल पेटत असताना टीव्हीवरून बोलणाऱ्या केनेडींनी तरी काय केलं? इथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी रणांगणावर आणि फुटबॉलच्या मैदानावर कमावलेल्या शौर्याच्या परंपरेची आठवण करून दिली. राष्ट्राध्यक्षालाही इथे कोणत्या देवाची आण घालायची ते ठाऊक होतं.

“तुम्ही सिल्व्हर वाचून आलात,” मेहुणे म्हणाले.

आले होतेच. जेम्स सिल्व्हर हे याच विद्यापीठात पाव शतकाहून अधिक काळ इतिहास शिकवणारे प्राध्यापक. इतर लोक मेरेडिथकडे पाठ फिरवत असताना हे त्याच्याबरोबर कॅफेटेरियात जेवायला बसायचे, गोल्फ खेळायचे. 1964 मध्ये मिसिसिपी हा बंद दारांचा समाज आहे असं सांगणारं पुस्तक त्यांनी लिहिलं आणि त्याच वर्षी गाव सोडलं. मेहुण्यांच्या मते सिल्व्हर यांनी अतिशयोक्ती केली. माझ्या मते त्यांच्याकडून एक गोष्ट निसटली, पण ती मेहुण्यांना सोयीची नाही. बंद दाराचा समाज म्हटलं की आपल्याला कडूजहर, तुटक माणसं दिसतात. इथे तसं नसावं. हीच माणसं, हीच अगत्याची आजी, हाच “आणखी घ्या ना”चा आग्रह 1962 मध्येही असणार. आमच्याकडच्या पंगतीत वाढणाऱ्याच्या हाताला कधी आखडतेपणा नव्हता. कोणाचं पान मांडायचं, एवढाच प्रश्न होता. इथेही तेच: आपले समाजवादी नेते राममनोहर लोहियांना मे 1964 मध्ये जॅक्सनच्या एका कॅफेटेरियात जेवण नाकारून पोलिसांनी उचललं होतं. मी हे सांगितल्यावर मेहुणे गप्प झाले. लोहियांबद्दल त्यांनी ऐकलं नव्हतं. बाई मात्र लगेच म्हणाल्या, “ते शाकाहारी होते का?”

मग मेहुण्यांनी त्यांचा हुकमाचा एक्का काढला. 1972 मध्ये बेन विल्यम्स हा काळा मुलगा संघात आला आणि 1975 मध्ये विद्यार्थ्यांनीच त्याला ‘कर्नल रेबेल’ हा सर्वांत मोठा मान मतदानाने दिला. फुटबॉलने केलं ते कोर्टाला जमलं नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, मेरेडिथनंतर दहा वर्षांनी. ते म्हणाले, पण झालं ना. चकी मलिन्सचीही गोष्ट त्यांनी सांगितली. 28 ऑक्टोबर 1989, समोर व्हँडरबिल्टच. प्रतिस्पर्ध्याला अडवताना या काळ्या खेळाडूची मान मोडली आणि तो मानेखाली लुळा झाला. स्टँडमध्ये जुने झेंडे फडकवणाऱ्या याच प्रेक्षकांनी त्याच्यासाठी पैशांचा पाऊस पाडला. 1991 मध्ये तो गेला. हे सांगताना मेहुण्यांचा आवाज खरोखर चिरकला, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नव्हतं.

सामन्याच्या दोन तास आधी खेळाडू राईतून दुतर्फा गर्दीतून चालत स्टेडियमकडे जातात. वाटेवरची कमान 1962 च्या संघाने दिलेली आहे. त्या मोसमात तो संघ एकही सामना हरला नाही. विद्यापीठाच्या इतिहासात पूर्णपणे अपराजित, बरोबरीही न झालेला तो एकमेव मोसम. दंगलीनंतर घरचा सामना जॅक्सनला हलवावा लागला, तरी जिंकले. लायसियमच्या पलीकडच्या अंगाला मेरेडिथचा पुतळा आहे, 2006 मध्ये बसवलेला. तो मेरेडिथला अजिबात आवडत नाही. दळून भुगा करून टाका असं तो सांगत आला आहे. 2014 मध्ये विद्यार्थ्यांनी त्या पुतळ्याच्या गळ्यात फास अडकवला होता. हिरवळीवर 1906 पासून उभा असलेला दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा 2020 मध्ये हलवला, पण कुठे, तर आवारातल्याच लष्करी दफनभूमीत. ती कमान आणि मेरेडिथचा पुतळा: 1962 या एकाच सालाची दोन स्मारकं, मधे एक इमारत. ढोल वाजायला लागले, काळी-गोरी पोरं खांद्याला खांदा लावून कमानीखालून गेली, आणि मीही टाळ्या वाजवल्या. कसल्यासाठी, विचारू नका.

कादंबरीकार फॉक्नरचं घर राहिलं. भाचा म्हणाला चालत जवळ आहे, पण वेळ नव्हता आणि सगळे तिथे जातात.

सामन्याबद्दल मी एवढंच सांगू शकते की यजमान संघ आरामात जिंकला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, इतकं भाच्याने तिसऱ्यांदा समजावल्यावर कळलं. बाकी वेळ लोक उठले की मी उठत होते. मध्यंतरात परत तंबूत आलो तर बाईंनी माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली. मेहुण्यांनी मधल्या वेळात फोनवर लोहिया शोधून ठेवले होते. जॅक्सनमधलं ते कॅफेटेरिया नक्की कोणतं, आता तिथे काय आहे, अटक किती वेळ होती, त्यांना सगळं हवं होतं. तिसरा क्वार्टर आम्ही दोघांनी झुंबराखालीच घालवला.

आता आमची ईमेल चालू आहे. मेरेडिथचा मुलगा जोसेफ 2002 मध्ये याच विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन, त्या वर्षीचा सर्वोत्तम म्हणून बाहेर पडला, हे त्यांनी ठळक अक्षरांत पाठवलं. मी उत्तरादाखल बार्नेटच्या मध्यंतराचा फोटो पाठवला. कालच्या पत्रात ते लिहितात की सिल्व्हर स्वतः फुटबॉलचे शौकीन होते का ते शोधतो आहे, तोवर निकाल देऊ नका. आणि तुमच्या गावच्या कॉलेजात लॉसन नक्की कोणता खेळ शिकवत होता, तेवढं कळवा.