माझ्या छडीचे यश

मी स्वभावाने तापट नाही, असे माझी पत्नी सोडून सर्वजण म्हणतात. तरीही 1966 पासून 1998 पर्यंत, एका तालुक्याच्या गावी गणित शिकवताना मी मुलांवर मनसोक्त रागावलो. त्या रागावण्यामागे संताप नव्हता, शास्त्र होते. निदान मी तरी त्याला शास्त्र समजत होतो.

दर पंधरवड्याला मी 25 गुणांची चाचणी घेत असे. एखाद्याने सपाटून मार खाल्ला की त्याला उभे करून त्याची खरडपट्टी काढायची; प्रसंगी छडीचा प्रसादही द्यायचा. पुढच्या चाचणीत तो बहुधा वर येई. उलट कोणी 24 गुण मिळवले की सुरुवातीच्या काळात मी त्याची पाठ थोपटीत असे; आणि पुढच्या खेपेला स्वारी 19 वर! असे एकदा नव्हे, शेकडो वेळा घडले. मग निष्कर्ष काय निघणार? कौतुकाने पोर शेफारते आणि बोलणी खाल्ली की ताळ्यावर येते. मधल्या सुट्टीत चहाचे घुटके घेत मी हा सिद्धांत नव्या मास्तरांना ऐकवी, आणि तेही माना डोलावीत. कारण त्यांचाही अनुभव तोच असे!

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, ही म्हण मला ठाऊक नव्हती असे नाही. पण म्हणीतला कावळा एकदाच बसतो. माझी फांदी दर पंधरवड्याला मोडत होती. तिला योगायोग कसे म्हणावे?

2013 साली माझ्या भाच्याने मला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिले. डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञाचे. 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले हे गृहस्थ. कोश शेजारी ठेवून वाचता वाचता एका पानाशी मी थबकलो. 1960 नंतरच्या दशकात ते इस्रायलच्या हवाई दलातील शिक्षकांपुढे व्याख्यान देत होते. शाबासकीने माणूस लवकर शिकतो, असे त्यांनी सांगताच एक अनुभवी शिक्षक उठून म्हणाला, की आमच्याकडे उलटे आहे. चांगल्या कसरतीबद्दल वाहवा केली की पुढची कसरत बिघडते, आणि खडसावले की सुधारते. वाचकहो, तो शिक्षक इस्रायलचा असेल, पण तोंडचे शब्द माझे होते!

कानेमनांचे उत्तर साधे होते. कोणत्याही कामगिरीत दोन वाटे असतात : एक अंगच्या तयारीचा आणि दुसरा त्या दिवसाच्या नशिबाचा. रात्री झोप लागली की नाही, येणारेच गणित पुढ्यात आले की न येणारे, हा सारा दुसऱ्या वाट्याचा कारभार. ज्याला नेहमीपेक्षा फारच कमी गुण पडतात, त्याचे नशीबही बहुधा त्या दिवशी रुसलेले असते. पुढच्या वेळी ते नेहमीसारखे झाले, की मास्तरांनी तोंड उघडो वा न उघडो, गुण वर सरकतात. उच्चांक गाठणाऱ्याचे तसेच खाली येतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी 1886 मध्ये हेच माणसांच्या उंचीविषयी दाखवले होते : फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने त्यांच्याइतकी नसतात.

गणिताचा मास्तर मी. ऐकून कसा घेणार? माळ्यावरची पेटी उतरवली आणि गुणांच्या जुन्या वह्या काढल्या. 1974 साली विषमज्वराने मी दीड महिना अंथरुणावर होतो. माझ्या जागी आलेले गुरुजी इतके अबोल, की ते कोणाला रागावत नसत आणि शाबासही म्हणत नसत. त्या दीड महिन्यातल्या चाचण्या मी मांडून पाहिल्या. प्रत्येक वेळी तळाची पाच मुले पुढच्या खेपेस मिळून वर आलेली. माथ्यावरची पाच मिळून खाली उतरलेली. अगदी माझ्या राज्यात होत असे तसेच! माझी छडी त्या काळात कोपऱ्यात धूळ खात पडली होती.

यावरून रागावण्याचा कधीच उपयोग होत नाही असे सिद्ध होत नाही, हे मला कळते. सिद्ध होते ते एवढेच, की ज्या पुराव्यावर मी बत्तीस वर्षे विसंबलो तो पुरावाच नव्हता. आणि कानेमन म्हणतात त्यातली खरी मेख अशी, की हा खेळ आपल्याला रागावण्याबद्दल बक्षीस देतो आणि कौतुकाबद्दल शिक्षा करतो. अनुभव हाच गुरू म्हणतात; पण हा गुरू खोटे शिकवतो, आणि तेही मोठ्या सातत्याने.

वह्या मिटताना एका नावावर बोट थांबले. माझा धाकटा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याच्या नावापुढे तीन ठिकाणी 24. तिन्ही वेळा त्याने माझ्याकडे पाहिलेले मला आठवते. मी पुढच्या मुलाची वही उचलली होती. त्याच्याच भल्यासाठी!

त्याला हे सारे मी सांगितले. तो हसला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "बाबा, मला वाटायचं, तुम्हाला 25 च हवे असतात."

गेल्या दिवाळीत त्याने बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील केला. मी खुर्ची ओढून खाली बसलो, नीट निरखला आणि म्हणालो, "फार सुरेख झालाय." पन्नाशी ओलांडलेला तो गृहस्थ कारण नसताना खळीचे भांडे धुवायला आत गेला.

यंदाचा कंदील थोडा वाकडा झाला आहे. पण तो माझ्या शाबासकीमुळे नव्हे, एवढे तर्कशास्त्र आता मला येते.