भूल

‘भूल’ या एका शब्दावर मराठी भाषेने किती निरनिराळी ओझी लादली आहेत, हे पाहिले म्हणजे नवल वाटते. हिशेबात आकडा चुकला तर ती भूल. रानात वाट चुकून मनुष्य त्याच त्या झाडाभोवती फिरू लागला तर त्याला पडते ती भूल. कोणाच्या गोड बोलण्याने मनाला पडते तीही भूल. आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर डॉक्टर रोग्यास देतात तीही भूलच. पहिल्या तिहींपासून सावध असावे आणि चौथी विश्वासाने घ्यावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमचीही तीच होती. परंतु तीन वर्षांपूर्वी या चौथ्या भुलीच्या निमित्ताने आमच्या हातून पहिल्या प्रकारची एक भूल घडली. ती वाचकांपुढे कबूल करावी, आणि करता करता तिच्यापासून जे शिकलो तेही सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या मुलीस मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव आम्हीच सुचविले. त्या नावाचा अर्थ बळ असा आहे. पण वर्षाचा झाला तरी त्याला मान नीट सावरता येईना. दीड वर्षाचा झाला तेव्हा कोठे आधाराशिवाय बसू लागला. रक्त तपासले तो त्यात लॅक्टिक ॲसिड वाढलेले निघाले. डॉक्टरांना एका रोगाचा संशय आला आणि त्यांनी मेंदूचा एम. आर. आय. काढण्यास सांगितले. त्या यंत्राच्या नळीत, त्याच्या धडधडाटात, लहान मुलाने बराच वेळ निश्चल पडून राहावयाचे म्हणजे त्याला निजविले पाहिजे, हे उघड आहे. “काही विशेष नाही, थोडीशी गुंगी देऊ,” असे आम्हांस सांगण्यात आले. मध्यरात्रीपासून मुलाच्या पोटात काही जाऊ द्यावयाचे नाही, आणि सकाळी आठ वाजता हजर राहावयाचे, असा हुकूम झाला.

आम्ही आठास हजर होतो. पण मध्येच तातडीचे रोगी आले, आणि आमची पाळी नऊची दहा, दहाची बारा अशी पुढे सरकू लागली. अकराच्या सुमारास मुलगा रडावयाचा थांबला. आमची मुलगी म्हणाली, “बाबा, हा गप्प झाला हे मला बरे दिसत नाही. थोडे साखरेचे पाणी देऊ का?” आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविले आहे, नियमाची महती आमच्याइतकी कोणास ठाऊक असणार? आम्ही म्हणालो, “डॉक्टरांना त्यांचे काम कळते. त्यांच्या सांगण्याबाहेर जाऊ नकोस.” ती गप्प बसली. तिने निदान जाऊन विचारून तरी यावे, एवढेही आम्ही तिला करू दिले नाही.

दीड वाजता मुलाचे अंग लुळे पडले, श्वास जोराने चालू लागला आणि त्याला वांती झाली. एम. आर. आय. राहिला बाजूस, ग्लुकोजची सलाईन लावून त्याला निजवावे लागले ते चार दिवस. भूल देण्याची वेळच आली नव्हती. भुलीच्या तयारीनेच हे केले होते. घरी आला तेव्हा त्याला बसता येत नव्हते. मोठ्या कष्टाने मिळविलेली ती एकच विद्या त्याला पुन्हा शिकावी लागली, आणि तीस चार महिने लागले.

पुढे रक्ताच्या जनुकीय तपासणीत रोग निश्चित झाला. शरीराच्या प्रत्येक पेशीत, तांबड्या रक्तपेशी वगळता, ‘मायटोकॉन्ड्रिया’ नावाचे सूक्ष्म कण असतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांना तंतुकणिका म्हटले आहे. खाल्लेले अन्न आणि श्वासातला प्राणवायू यांच्यापासून कामाची शक्ती तयार करणे हा त्यांचा धंदा. तेथेच दोष असला म्हणजे ज्या अवयवांना शक्ती अधिक लागते ते आधी थकतात: मेंदू, स्नायू, हृदय, डोळे. सुमारे पाच हजारांत एकास हा रोग असतो असे मानतात. या कणांस आईकडून आलेली सदतीस जनुकांची स्वतःची वेगळी शिदोरी असते, म्हणून लोक लगेच आईकडे बोट दाखवितात. वस्तुतः मुलांमध्ये हा दोष बहुधा आईबाप दोघांकडून आलेल्या इतर जनुकांत असतो, आणि आमच्या नातवाचाही तसाच आहे.

अशा मुलास उपास म्हणजे काय, हे आता आम्हांस कळते. धडधाकट मनुष्य एक वेळ जेवला नाही तर शरीर साठविलेली चरबी जाळून वेळ निभावून नेते. या मुलांची चूलच मंद. तिला ओले लाकूड पेटविता येत नाही. आणखी एक गोष्ट कळली, आणि ती अजून बोचते. भूल देण्यापूर्वी जड अन्न सहा तास वर्ज्य असले तरी पाण्यासारखे स्वच्छ पेय दोन तास आधीपर्यंत देता येते, असा सर्वमान्य नियम आहे. आमच्या मुलीने मागितलेले साखरेचे पाणी नियमाबाहेरचे नव्हते. ज्या नियमाच्या नावाने आम्ही तिला दटावले तो नियमच आम्हांस ठाऊक नव्हता.

आमचे अनुमान तरी कसे होते? ‘सर्व मुलांस ही रीत मानवते, हा मुलगा आहे, म्हणून यास ती मानवेल.’ अनुमानाची रचना निर्दोष होती; पहिले विधान मात्र खोटे होते. भुलीचा इतिहास वाचू लागलो तो अशी अनुमाने तेथे पावलोपावली दिसली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे मॉर्टन याने ईथर देऊन शस्त्रक्रिया वेदनारहित होते हे जगास दाखविले; पुढच्याच वर्षी एडिंबरो येथे सिम्सनने क्लोरोफॉर्म आणले. त्यानंतर तीन महिने झाले नाहीत तोच, जानेवारी १८४८ मध्ये, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने मेली. नखासारखे क्षुल्लक काम! क्लोरोफॉर्म हृदय थांबवितो की श्वास, यावर पुढे पन्नास वर्षांहून अधिक काळ वाद चालला. आपल्या शेजारच्या हैदराबाद संस्थानात निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन कमिशने बसली. एडवर्ड लॉरी हा त्यांचा पुरस्कर्ता. शेकडो जनावरांवर प्रयोग करून कमिशनने ठरविले की आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा म्हणजे झाले. १९११ साली लेव्ही याने दाखवून दिले की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये हृदय एकाएकी बंद पडू शकते. शेकडोंवरून काढलेला नियम ज्यांना लागू पडला नाही, त्यांना तो चुकल्याचे सांगता आले नाही.

आता क्लोरोफॉर्म गेला, पण नवी औषधेही या मुलांच्या बाबतीत निर्धास्त नाहीत, कारण भुलीची बहुतेक औषधे त्याच कणांचे काम थोडेबहुत मंदावतात. हुंगण्याच्या भुलीचा परिणाम काही मुलांवर फार थोड्या मात्रेत होतो, हे अमेरिकेत मॉर्गन, हॉपेल व सेडेन्स्की यांनी २००२ साली प्रसिद्ध केले. कणांतील शक्तीच्या साखळीचा पहिला दुवा ज्यांचा दुबळा, ती मुले विशेष हळवी निघाली. शिरेतून देण्याचे प्रोपोफॉल एखादा डोस म्हणून बहुतेकांस चालते. पण ते तासचे तास चालू ठेवणे धोक्याचे. रोजच्या वापरातल्या एका सलाईनमध्ये लॅक्टेट असते. ज्याच्या रक्तात ते आधीच तुंबले आहे त्यास ते देऊ नये. ग्लुकोज बहुतेकांचे जीवन, पण याच रोगसमूहातल्या काही मुलांस चरबीप्रधान आहारावर ठेवलेले असते आणि त्यांना तेच ग्लुकोज बाधते. कोणतेही एक औषध सरसकट निषिद्ध नाही, आणि कोणतेही एक सरसकट निर्भयही नाही. तरीही अशी बहुतेक मुले नीट तयारी असली म्हणजे भुलीतून सुखरूप बाहेर येतात. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहो. भीतीने आवश्यक शस्त्रक्रिया टाळणारे आईबापही आम्ही पाहिले आहेत, आणि तीही एक भूलच आहे.

गेल्या वर्षी नातवाला गिळणे जड जाऊ लागले, आणि पोटातून अन्ननळी बसविण्याचे ठरले. या वेळी भूल देणाऱ्या बाईंनी आठवडाभर आधी आम्हांस बोलाविले. त्यांनी अर्धा तास केवळ प्रश्न विचारले: शेवटचे खाणे किती वाजता असते? उपाशी किती तास राहू शकतो? आधी कधी भूल दिली होती काय, आणि जागा कसा झाला? ताप आला की काय होते? उत्तरे आमच्या मुलीने दिली, आणि बाईंनी ती लिहून घेतली. आम्ही राहवेना म्हणून विचारले, “डॉक्टर, याला सर्वांत सुरक्षित औषध कोणते?” त्या म्हणाल्या, “काका, असे एक नाव मी तुम्हांला देऊ शकत नाही. थोडे थोडे देईन आणि त्याच्याकडे बघत राहीन. त्याला सर्दीताप असला तर मात्र तारीख पुढे ढकलू.” इतके प्रामाणिक उत्तर आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस फार वेळा दिले आहे असे नाही.

हृदयाची तपासणी झाली. आदल्या रात्रीच दाखल करून ग्लुकोज सुरू केले. सकाळची पहिली पाळी त्याची ठेविली. खोली ऊबदार होती, कारण थंडीने कुडकुडण्यातही शक्ती खर्च होते. आत नेताना त्याने आमचे बोट धरले होते; ते आईने हळूच सोडविले. बाहेर बाकावर आम्ही दोघे बसलो होतो. दोन तासांत आमची मुलगी एवढेच म्हणाली, “त्या दिवशी मी उठून विचारायला हवे होते.” आम्ही म्हणालो, “तू विचारणारच होतीस. आम्ही तुला बसविले.” तोपर्यंत हे शब्द आमच्या तोंडून निघाले नव्हते. ती काही बोलली नाही. पण आमच्या हातातली पिशवी तिने आपल्याकडे घेतली.

तो नेहमीपेक्षा उशिरा जागा झाला, बाई तोपर्यंत त्याच्या उशाशी उभ्या होत्या. रात्रभर त्यांनी त्याला नजरेखाली ठेविले. तिसऱ्या दिवशी तो उशीला टेकून बसला आणि आपली आवडती स्टीलची वाटी खाटेच्या दांड्यावर आपटू लागला. शेजारच्या रोग्यांनी कुरकुर केली. आम्ही त्यांची क्षमा मागितली, वाटी मात्र काढून घेतली नाही.

बाईंनी लिहिलेला कागद आता आमच्या मुलीच्या पर्समध्ये असतो, आणि त्याची एक नक्कल आमच्या खिशात. रोगाचे नाव, उपासाची मर्यादा, कोणती सलाईन चालते, कोणती नाही, मागच्या वेळी काय दिले आणि कसे मानवले, कोणत्या डॉक्टरांस फोन करावा: अर्ध्या पानाचा मजकूर आहे. पुढील महिन्यात त्याच्या दोन किडलेल्या दाढा काढावयाच्या आहेत. तारीख घेण्यासाठी आम्ही फोन केला तेव्हा पलीकडून कोणी गोड आवाजात म्हणाले, “काही विशेष नाही हो, थोडीशी गुंगी.” आम्ही खिशातला कागद काढला, चष्मा लावला, आणि विचारले, “पाळी किती वाजताची?”