मनीचा पट्टा

मांजराला दोरी बांधून फिरवणाऱ्या माणसाकडे लोक कसे पाहतात, हे वाचकहो, मी स्वानुभवाने सांगू शकतो.

आमची मनी गेल्या वर्षी कबुतरामागे झेपावली ती थेट दुसऱ्या मजल्यावरून खाली. जीव वाचला, पाय मोडला. गॅलरीचे दार माझ्याच हातून उघडे राहिले होते. हिने सगळीकडे जाळ्या ठोकून घेतल्या, मला बोल मात्र लावला नाही. मनी दिवसभर जाळीला नाक लावून बसे. मला ते पाहवेना. तिचा पाय बरा झाल्यावर मी पट्टा आणला.

पट्टा गळ्यात नव्हे, छातीभोवती बांधायचा. मांजराची गळ्याजवळची हाडे खांद्याला पक्की जोडलेली नसतात. डोके निघाले की अंगही निसटते. शिवाय गळपट्ट्याने गळा आवळतो तो वेगळाच. पहिल्या दिवशी पट्टा चढवताच मनी आडवी झाली, जणू प्राणच गेला! चिमूटभर सुकट पुढे धरताच प्राण परतला. पंधरा दिवस घरातच सराव केला. नियम एकच: ओढायचे नाही, ती नेईल तिकडे जायचे.

सोळाव्या दिवशी अंगणात उतरलो. मुले हसली. मनी दहा पावले चालून पारिजातकाखाली बसली. मीही बसलो. एवढ्यात कबुतर उतरले. मनी झेपावली, पट्टा ताणला गेला, पण टिकला. कबुतर उडाले. तिने माझ्याकडे रागाने पाहिले.

मी तिची मनोमन क्षमा मागितली. कबुतराबद्दल नव्हे, त्या दाराबद्दल.